तिथीची पाऊणपट



मुंबईच्या वर्सोवा गावात खाडीच्या तोंडाशी एक धक्का आहे. तेथून पलीकडच्या मढला फेरीबोट जाते. त्या धक्क्यावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एखाद्या वयस्क कोळ्याला विचारून पाहा, "काका, आज भरती किती वाजता?" तो बहुधा खिशातला मोबाइल काढणार नाही. "आज षष्ठी ना? मग साडेचारला," असे सांगून तो पुन्हा जाळ्याकडे वळेल.

हे उत्तर त्याने कसे काढले? षष्ठी म्हणजे सहावी तिथी. सहाची पाऊणपट साडेचार. अष्टमी असती तर आठची पाऊणपट, म्हणजे सहा. तिथीला पाऊणने गुणावे की पूर्ण भरतीची वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. सकाळी एक भरती आणि तिच्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तुमच्या आजोबा-पणजोबांनी शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ केली असेल. कोळ्याच्या पोराला मात्र पाऊणकीचा उपयोग शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असे.

आता हा नियम विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पुरी होते. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे सूर्याच्या मानाने चंद्र दर तिथीला १२ भागिले १५ तास, अर्थात ४८ मिनिटे मागे पडतो. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते, तेव्हा तीही सरासरीने तेवढीच मागे पडायला हवी. ४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश. आपल्या कोळ्याने धरले तीन चतुर्थांश, म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची चूक! पौर्णिमेपर्यंत ती साचून ४५ मिनिटांची होते. पाऊणकी सांगते सव्वाअकरा, चार पंचमांशाचा हिशेब सांगतो बारा.

चुका एवढ्यावरच थांबत नाहीत. तिथी चोवीस तासांची नसते; चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ती कधी २० तासांत संपते, तर कधी २६ तासांहून अधिक चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती रोज ४८ मिनिटांपेक्षा कमी उशिरा येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत त्याहून जास्त. शिवाय आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात आणि सूर्याच्या हिशेबाने मुंबई तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे आहे. थोडक्यात, पाऊणकीचे उत्तर अर्धा-पाऊण तास सहज चुकू शकते. उलट मुंबईत अपोलो बंदराजवळ १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे, आणि अशा नोंदींवरून तयार केलेले भरतीचे तक्ते काही मिनिटांपर्यंत बरोबर येतात. तेच तक्ते आज मोबाइलवर एका बोटाच्या स्पर्शाने दिसतात.

मग पाऊणकी मोडीत काढावी काय? मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते जरा सविस्तर सांगतो.

साडेचार हे उत्तर दिल्यावर कोळी स्वस्थ बसत नाही. साडेचारच्या सुमारास त्याचे डोळे आपोआप खाडीकडे जातात. नांगरलेल्या होड्यांची तोंडे कुठे आहेत? वारा फार नसेल तर होडीचे तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे वळते. भरती चालू असेपर्यंत ती समुद्राकडे तोंड करून उभी असते. पाणी थबकले की ती डुलू लागते आणि ओहोटी सुरू झाली की पाठ फिरवते. धक्क्याच्या खांबावरची ओली खूण कुठवर आली? कचऱ्याची आणि फेसाची रेघ कोणत्या दिशेला सरकते आहे? आपला अंदाज वीस मिनिटे चुकला हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आज वारा नैर्ऋत्येचा होता म्हणून पाणी जास्त चढले, हे तो मनात टिपून ठेवतो. नियम ढोबळ आहे म्हणूनच त्याला रोज पाहावे लागते, आणि रोज पाहिल्यामुळे तो नियमापेक्षा शहाणा होतो. अगदी अचूक तक्ता हातात असलेल्या माणसाला खाडीकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

आता त्याच धक्क्यावर उभ्या असलेल्या यांत्रिक नौकांकडे वळू. त्यांच्या चालकाच्या खोलीत, म्हणजे तांडेल जिथे सुकाणू धरतो तिथे, आज जी.पी.एस.चा पडदा असतो. अनेकांकडे मासे शोधणारे यंत्रही असते. ते पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे तळ किंवा माशांचा थवा ३० मीटर खाली. हैदराबादची 'इन्कॉइस' ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था कृत्रिम उपग्रहांनी मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. मत्स्यविज्ञान शिकवणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था तर वर्सोव्यातच आहे. ती १९६१ मध्ये स्थापन झाली.

या सगळ्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या वेळी कोकणातल्या अनेक नौका समुद्रात होत्या आणि अनेक मच्छीमारांचे प्राण गेले. तांडेल कितीही अनुभवी असला तरी तीनशे किलोमीटरवरचे वादळ त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. ते उपग्रहाला दिसते. आणि उपग्रहाने पाहिलेले नौकेपर्यंत पोहोचले नाही तर काय होते ते कोकणातल्या घराघरांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यात देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येईल असे यंत्र बसवायचे आहे. हे काम कोणी "जुन्या ज्ञानाच्या" अभिमानापायी अडवले, तर तो अभिमान घरी बसून बाळगलेला आहे असे मी म्हणेन.

तेव्हा प्रश्न यंत्र हवे की नको असा नाहीच. यंत्र कोणत्या क्षणी आपल्यापुढे यावे, एवढाच प्रश्न आहे. यासाठी एक गोष्ट सांगतो. ती वर्सोव्यापासून फार दूर, अटलांटिक महासागरात घडली.

९ जून १९९५ रोजी 'रॉयल मॅजेस्टी' नावाचे प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतील बॉस्टनकडे निघाले. जहाजावर दीड हजाराहून अधिक माणसे होती. निघाल्यावर तासाभरातच जी.पी.एस.च्या अँटेनाची तार निसटली. उपग्रहांचे संदेश बंद झाले. यंत्राने पडद्यावर बारीक अक्षरांत तशी खूण केली आणि तेव्हापासून वेग आणि दिशा यांवरून नुसता हिशेब करून ते स्थान दाखवू लागले. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते, ते या हिशेबात नव्हते. आकडे मात्र पूर्वीसारखेच ऐटीत दिसत राहिले. सुमारे ३४ तास हे चालले. संध्याकाळी टेहळणी करणाऱ्या खलाशांना पुढे निळे-पांढरे पाणी दिसले. पाण्याचा रंग असा बदलला तर तळ उथळ आहे, हे वर्सोव्याचा बारा वर्षांचा मुलगाही सांगेल. खलाशांनी अधिकाऱ्याला तसे कळवले. पण पडदा सर्व ठीक असल्याचे सांगत होता आणि अधिकाऱ्याने पडद्यावर विश्वास ठेवला. १० जूनच्या रात्री जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूच्या दांड्यावर चढून बसले. ठरलेल्या मार्गापासून ते १७ मैल बाजूला गेले होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

येथे यंत्र बिघडले ही मोठी गोष्ट नव्हे. यंत्रे बिघडतातच. डोळ्यांनी दिलेली साक्ष पडद्यापुढे खोटी ठरली, हे मला जास्त गंभीर वाटते. स्वतःचा अंदाज करण्याची सवय गेली की चूक ओळखण्याची शक्तीही जाते. कारण ताडून पाहायला दुसरे काही हातात उरत नाही. अमेरिकन नौदलाच्या अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढण्याचा अभ्यासक्रम काही वर्षे बंद ठेवला होता. २०१५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

आता दुसरी गोष्ट, आणि हिचा एक धागा मुंबईतच आहे. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. शर्यतीत नऊ जण होते. पोहोचला हा एकटाच, ३१२ दिवसांनी. त्याची 'सुहैली' ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये ती पुन्हा घेण्यात आली आणि नियम असा केला की साधने १९६८ चीच वापरायची. कागदी नकाशे, होकायंत्र आणि सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारे सेक्स्टंट. पण आयोजकांनी वेडेपणा केला नाही. प्रत्येक बोटीवर संकटात हाक मारणारे यंत्र आणि संदेशाचे उपग्रह-साधन ठेवले होते, जी.पी.एस.ही होते, पण सीलबंद पेटीत.

भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी या शर्यतीत होते. 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली 'तुरिया' ही त्यांची बोट. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना जागचे हलताही येईना. उपग्रहावरून त्यांचे संदेश गेले, विमानांनी बोट शोधली आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच मत्स्यरक्षक जहाज 'ओसिरिस'ने त्यांना सोडवले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुन्हा चालायला शिकावे लागले. २०२२ मध्ये हेच गृहस्थ पुन्हा त्याच शर्यतीला उभे राहिले. वाटेत बोटीचे आपोआप सुकाणू धरणारे साधन मोडले. बोटीवर जे सामान होते त्यातूनच त्यांनी ते सावरले. २९ एप्रिल २०२३ रोजी, सुमारे २३६ दिवसांनी, ते दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर.

या शर्यतीची व्यवस्था मला फार पटते. जीव वाचवणारी यंत्रे हाताशी, आणि अनुभव वाचवणारी यंत्रे सीलबंद. अनुभव वाचवणारी, म्हणजे आपल्याला अनुभव घ्यावाच लागणार नाही अशी सोय करणारी.

मेंदूविषयी या बाबतीत काय माहीत आहे? लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या मेंदूतला, जागेच्या स्मरणाशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, मागच्या बाजूला इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २०२० मध्ये कॅनडातील दहमानी आणि बोबॉ यांनी ५० वाहनचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. जे जी.पी.एस. अधिक वापरत, त्यांना यंत्राशिवाय वाट लक्षात ठेवणे अधिक जड गेले. तीन वर्षांनी १३ जणांना पुन्हा तपासले, तेव्हा अधिक वापर करणाऱ्यांची घसरणही अधिक होती. अर्थात १३ माणसांवरून जगाचा निकाल लावू नये. तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तेव्हा हा आकडा मुद्दाम सांगितला.

शरीराचेही असेच आहे. अवकाशस्थानकात वजनाचा भार नसतो, तेव्हा अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. रोज व्यायाम केला तरच ही घट आवरता येते. हाडाला भार लागतो. वर्सोव्याच्या चौपाटीवर सकाळी धावणारी मंडळी पाहा. वाळू पायाखाली सरकते, घोटा सावरतो, पोटरी दुखते. सपाट पट्ट्यावर धावणाऱ्याला हे मिळत नाही. पण त्यांतल्या कित्येकांचे लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे असते. ते घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचे ठोके मोजते. यंत्र सुरेखच आहे. पण आपण दमलो की नाही हे मनगटाला विचारायची वेळ यावी ना! आधी मनाशी म्हणा, "ठोके १४० असतील." मग मानेवर दोन बोटे ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा, आणि शेवटी घड्याळ पाहा. काही दिवसांनी घड्याळ घरी राहिले तरी तुमचे अडणार नाही.

आधी अंदाज, मग यंत्र. माझे म्हणणे इतकेच आहे, आणि ते मला समुद्रापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेबद्दल अधिक बोलायचे आहे.

आपल्या शाळेतले प्रयोग बहुतेक वेळा असे असतात की उत्तर आधीच छापलेले असते. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचे, आणि ते ९.८ यायचे. ८.९ आले तर? मी शाळेत असताना काय केले ते कबूल करतो. ९.८ वरून उलटा हिशेब करून आंदोलनांचे सेकंद लिहिले आणि वहीवर 'छान' असा शेरा मिळवला. दोरीची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत मोजायला हवी होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. ८.९ ने ते त्याच दिवशी शिकवले असते. तो आकडा मी खोडून टाकला.

शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून निदान दोन-तीन प्रयोग असे घ्या की ज्यांचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल. आभाळ, भरती, मुंग्यांची रांग, वाऱ्याची दिशा, काहीही चालेल. आणि गुण द्या ते अंदाज लिहिल्याबद्दल आणि चुकीचे कारण शोधल्याबद्दल. उत्तर जवळ आले म्हणून गुण देऊ लागलात की मुले पुन्हा उलटा हिशेब करतील. मुले हुशार असतात. यात गोंधळ होतो, तास वाया जातो, एखादा गट रिकाम्या हाताने परत येतो, हे खरे. "अभ्यासक्रम कधी पुरा करू?" हा तुमचा प्रश्नही खोटा नाही. पण जो मुलगा वर्गात कधीच चुकला नाही, त्याची पहिली चूक परीक्षेत, नोकरीत किंवा भर समुद्रात होईल. चुकून पुन्हा उभे राहण्याचा सराव त्याने कुठे करायचा? चिवटपणा हा उपजत गुण आहे असे आपण समजतो; मला तो सरावाने येणारा वाटतो, पोहण्यासारखा.

किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. प्रतिपदेपासून पंधरा दिवस, शाळेच्या वेळेबाहेर जी भरती येईल तिची नोंद करा. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात पाऊणकीने काढलेली वेळ, घरून निघण्यापूर्वीच लिहून. दुसऱ्यात होड्या आणि खांबावरची खूण पाहून तुम्हाला वाटलेली वेळ. तिसऱ्यात तक्त्यातली वेळ. ती घरी परतल्यावरच पाहायची. चौथा रकाना चुकीच्या कारणासाठी, आणि तो सर्वांत रुंद ठेवा. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा वरूनच पाहा. उधाणाच्या दिवशी आणि पावसाळ्यात मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका.

समुद्र लांब असेल तर रात्री उत्तरेला तोंड करून ध्रुवतारा शोधा. हात सरळ लांब केला की मिटलेली मूठ सुमारे १० अंश भरते आणि अंगठ्याची रुंदी सुमारे २ अंश. क्षितिजापासून ध्रुव जितक्या अंशांवर दिसतो, तितके आपल्या गावाचे अक्षांश. वर्सोव्याहून तो सुमारे १९ अंशांवर, म्हणजे दोन मुठींना जरा कमी असा दिसायला हवा. नागपूरहून २१ अंशांवर. दोन्हीकडच्या मित्रांनी एकाच रात्री मुठी मोजून एकमेकांना फोन करा, आणि अंगठाभर फरक हाती लागतो का ते आम्हाला कळवा.